नळीशिवायचा सूर

क्लॅरिनेटचे तुकडे पाच. चार पेटीतच राहू द्यायचे आणि जेमतेम नऊ सेंटिमीटरचा काळा माउथपीस तेवढा हातात घ्यायचा. रीड, म्हणजे वेताची पातळ पट्टी, जिभेवर ओली करून त्याच्या सपाट बाजूला बसवायची, ती धरून ठेवणारं लिगेचर आवळायचं. वरचे दात थेट माउथपीसवर, खालचा ओठ खालच्या दातांवर किंचित दुमडलेला. आणि फुंकायचं. जत्रेतली पिपाणी लाजेल असा आवाज येतो. आमच्या सोसायटीत कुणी तक्रार करत नाही, फक्त खिडक्या जरा जोरात लावतात.

पन्नाशीनंतर वाद्य हातात घेतलं की लोक पहिल्यांदा विचारतात, ‘एखादं गाणं बसलं का?’ गाण्यापेक्षा मला हा तुकडाच जास्त आवडतो, असं सांगितलं तर विषय बदलतात.

पूर्ण क्लॅरिनेट तसं सांभाळून घेणारं वाद्य आहे. बोटांनी भोकं झाकली-उघडली की नळीतल्या हवेच्या खांबाची लांबी बदलते, आणि तो खांब इतका दांडगा असतो की रीडला आपल्याच मापात थरथरायला लावतो. तुमचं तोंड थोडं इकडंतिकडं झालं तरी सूर साधारण जागेवर राहतो. नुसत्या माउथपीसला हा खांबच नाही. रीड मोकाट सुटते आणि सुराचा सगळा कारभार ओठ, जबडा आणि जीभ यांच्याकडे येतो. एवढी वर्षं मी जीभ फक्त बोलायला आणि चवीला वापरली, तिला मागची बाजूही असते याचा पत्ताच नव्हता.

सरांची उमेदीची वर्षं लग्नाच्या बँडमध्ये गेली. ते शेजारी हार्मोनियम घेऊन बसतात आणि अगदी वरच्या टोकाची पांढरी एक दाबून धरतात. मधला सा तिथून दोन सप्तकं खाली. सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर १०४६ हर्ट्झ दिसतात. बी फ्लॅट क्लॅरिनेटच्या नुसत्या माउथपीसकडून बरेच शिक्षक हाच सूर मागतात. माउथपीसला लागूनचा आखूड तुकडा, बॅरल, जोडला की तो काळी तीनपर्यंत उतरतो. ओठ आवळले की माझा काटा वर पळतो, सैल सोडले की धपकन खाली. ‘ताई, दातांनी वाजवताय. जिभेनं वाजवा,’ सर म्हणतात.

म्हणजे काय, तर ‘ई’ म्हणताना जीभ जशी टाळूकडे उचलली जाते तशी ठेवून सा लावायचा. मग ओठ, हनुवटी काहीही न हलवता, आतल्या आत ‘ऊ’कडे, ‘ओ’कडे जायचं. सूर उतरू लागतो. पायऱ्या नाहीत, सरळ घसरण. समोर आरसा ठेवलेला असतो आणि त्यात काही म्हणजे काही हलताना दिसता कामा नये. आरशातली बाई ढिम्म बसलेली आणि सूर मात्र सा वरून कोमल नी वर निघालेला, हे पाहताना मला अजूनही हसू येतं. हसलं की ओठ सुटतात.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी वादक वाजवत असतानाच त्यांच्या तोंडाच्या पोकळीची मोजमापं घेतली आहेत. १९२४ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजलेल्या अमेरिकन संगीतकार गर्श्विनच्या ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’च्या सुरुवातीला क्लॅरिनेटची वर चढत जाणारी जी लांबलचक घसीट आहे, तीही त्यांनी तपासली. तरबेज वादक तिथे बोटं हळूहळू सरकवतात हे खरं, पण सोबत तोंडातल्या पोकळीचा अनुनादही इतका जोरकस करतात की सूर नळीचं सोडून त्याचं ऐकतो. सरांना हे सांगितलं. ‘मग वरातीत आम्ही काय करत होतो?’ म्हणाले.

त्यांचंही बरोबरच आहे. आपल्या कानाला मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, लागतेच. ऑल इंडिया रेडिओनं १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला दार बंद ठेवलं, त्यामागच्या तक्रारींत पेटीतून मींड निघत नाही ही एक होतीच. आणि मी त्याच पेटीवर कान ठेवून मींड शिकते आहे. मला यात काही वावगं वाटत नाही. घसरायचं असेल तर सुटायचं कुठून आणि थांबायचं कुठे हे कुणीतरी ठणकावून सांगायला हवं, आणि त्या कामाला पेटीसारखी हटवादी दुसरी कुणी नाही. सा ते शुद्ध नी नीट जमतं. कोमल नी वर काटा डगमगतो. ध च्या आसपास रीड एकदम गप्प होते, नुसती हवा फुसफुसते.

परवा सरांनी माझा माउथपीस पुसून घेतला, उघड्या टोकाशी तळवा धरला, आणि तो झाकत-उघडत वरातीतल्या एका गाण्याची अख्खी ओळ वाजवून दाखवली. तळवा झाकला की सूर आणखी खाली येतो, त्यामुळे जिभेला जे जमत नाही ते हात भरून काढतो. मी लगेच हात पुढे केला.

‘तुम्ही नाही,’ सर म्हणाले, ‘तुम्ही आधी ध लावा.’