आमची वाटचाल: आठ जणांचा तंबू आणि एक जातं

इंग्लंडमध्ये सात ते अकरा वर्षांच्या मुलांना इतिहासात रोमन लोक शिकवावेच लागतात. सरकारी अभ्यासक्रमात तशी ओळच आहे: रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम. त्या एका ओळीवर आमचं घर चालतं. मी मूळची कोल्हापूरची, लग्नानंतर लेस्टरला आले. आता मी आणि माझा नवरा व्हॅनमध्ये ढाली, लाकडी कमान, मेणाच्या पाट्या आणि दगडी जाती भरून शाळाशाळांतून ‘रोमन दिवस’ करत फिरतो. कोल्हापुरातल्या माझ्या मावशीची अजूनही समजूत आहे की मी नाटक कंपनीत आहे.

धंद्यात पडण्याआधी मी इथल्या एका प्राथमिक शाळेत वर्गसहायक होते. दरवर्षी चिलखत घातलेला एक गृहस्थ यायचा. मुलं हॉलमध्ये फरशीवर रांगेत बसायची, तो तलवार फिरवायचा, दोघातिघांना पुढे बोलवून शिरस्त्राण चढवायचा, फोटो व्हायचे. बाकीची पंचवीस-सव्वीस बघत बसायची. मुलं खूश, शिक्षक खूश. दुसऱ्या दिवशी वहीत काय उतरायचं, तर ‘शिरस्त्राण जड होतं’. या सैन्याला जेवायला कोण घालायचं असं मी एकदा विचारलं, तर वर्गात कुणालाच काही सांगता येईना. बाईंनाही.

त्या प्रश्नाचा पाठपुरावा करताना मला आठाचा हिशेब सापडला. रोमन सैन्यात सगळ्यात लहान घटक आठ माणसांचा. आठ जण एका चामडी तंबूत झोपायचे, सामान वाहायला त्यांच्यात एक खेचर, दळायला एक हातजातं. असे दहा तंबू मिळून ऐंशी जणांची तुकडी. आयतं जेवण नाही. गव्हाचा शिधा हातात मिळायचा, दळणं-भाजणं आपापलं. माणशी रोजचा पाऊण ते एक किलो गहू धरला, तर एका तंबूचं दळण सहा ते आठ किलोंच्या घरात जातं. दिवसभर चाल करून, संध्याकाळी छावणीभोवती खंदक खणून, वर हे. मला वाटलं, वर्गाचे गट करायचे तर हेच करायचे. आठ मुलं, एक जातं, आणि बाकीची कामं त्यांनी वाटून घ्यायची.

पहिलं जातं माहेरून आलं. आईच्या माळ्यावर पडून होतं. एक तळी माझ्या बॅगेत, दुसरी नवऱ्याच्या, आणि विमानतळावर दोन्ही बॅगा उघडायला लावल्या. तपासणाऱ्या बाईंना हा दगड पीठ दळायचा आहे हे पटवताना नवऱ्याला घाम फुटला होता. ब्रिटनमधल्या रोमन छावण्यांत सापडलेली बरीचशी जाती जर्मनीतल्या मायेनच्या खाणींची, ज्वालामुखीच्या काळ्या दगडाची असतात. आमचं सह्याद्रीच्या बेसाल्टचं, म्हणजे तेही लाव्हाचंच. मुलांना मी हे सरळ सांगते. रोमन जातं म्हणून भारतातलं जातं दाखवायचं नाही, हा आमचा पहिल्यापासूनचा नियम.

मुलं पहिल्यांदा काय करतात ते बघण्यासारखं असतं. वरच्या भोकात ओंजळभर गहू ओततात, खुंटा दोन्ही हातांनी धरून जोर लावतात, आणि तळी जागची हलत नाही. मग एखादं मूल, बहुतेक वेळा वर्गात गप्प बसणारं, चार दाणे टाकून फिरवून बघतं. मी वैरण मूठ-मूठ घालायची एवढंच दाखवते आणि बाजूला होते. पाच मिनिटांत लय लागते, दहाव्या मिनिटाला दंड भरतात, आणि मग ‘आता तू’ म्हणून पाळी लागते. पंधरा मिनिटांनी जे जाडंभरडं पीठ पडतं ते तराजूत टाकायचं आणि आठ जणांना किती लागलं असतं त्याचं गणित मांडायचं. तिथे वर्ग गार पडतो. हे पीठ कुणी खात नाही. शाळेत कुणाला गव्हाचं वावडं, कुणाला आणखी कशाचं, त्यामुळे भाकरी-बिकरीच्या फंदात आम्ही पडलो नाही.

एका मुख्याध्यापकांनी सुचवलं, प्रत्येक मुलाला स्वतंत्र साहित्य द्या, म्हणजे भांडणं होणार नाहीत. मी नाही म्हटलं. जातं एकच आहे म्हणूनच मुलांना कामाची वाटणी करावी लागते, पाळ्या लावाव्या लागतात, आळशी गड्याला सुनवावं लागतं. प्रत्येकाला वेगळं दिलं की तो हस्तकलेचा तास होतो, आणि तो घ्यायला शाळेला आमची गरज नाही.

अडचण अशी, की इथला वर्ग साधारण तिसाचा. आठाने भाग जात नाही, दोन गट सातांचे होतात. त्यावर तोडगा रोमनांनीच दिला. उत्तर इंग्लंडमध्ये रोमनांनी सरहद्दीवर बांधलेल्या हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा नावाची छावणी आहे. तिथे १९७३ पासून शाईने लिहिलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडत आल्या आहेत, साधारण पोस्टकार्डाएवढ्या. एका पट्टीवर तिथल्या अख्ख्या पलटणीचा हजेरीपट आहे. एकूण ७५२ माणसं, त्यातली ४५६ बाहेरगावी कामावर. हजर २९६, आणि त्यातही ३१ कामाला निकामी: १५ आजारी, ६ जखमी, आणि १० जणांचे डोळे आलेले. तेव्हापासून सातांच्या गटाला आम्ही एक चिठ्ठी देतो: ‘तुमच्यातल्या एकाचे डोळे आलेत, त्याचं काम तुम्ही करायचंय.’ काही मुलं त्या अदृश्य आठव्याला नावही देतात आणि दिवसभर त्याच्या नावाने खडे फोडतात.

त्याच पट्ट्यांमधून पत्रलेखनाचा खेळ निघाला. साधारण इसवी सन १०० च्या सुमारास एका अधिकाऱ्याची बायको क्लॉडिया सेव्हेरा हिने सल्पिसिया लेपिडिना या मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं आमंत्रण पाठवलं. मजकूर लेखनिकाच्या हातचा, शेवटच्या आग्रहाच्या ओळी मात्र तिच्या स्वतःच्या. आमच्याकडे एक मूल सांगतं, दुसरं मेणाच्या पाटीवर कोरतं, तिसरं ते पत्र दुसऱ्या गटाकडे नेऊन वाचून दाखवतं. कोरणारा कंटाळून मजकूर छाटतो, आणि सांगणारा ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणून ओरडतो. इतिहासाच्या साधनांबद्दल याहून चांगला धडा मला तरी घेता आला नसता.

कमान नवऱ्याने केली. तो कारखान्यात डिझाइनला होता आणि सुतारकामाची हौस होतीच. प्लायवुडचे पाचरीच्या आकाराचे पोकळ ठोकळे, खाली लाकडी सेंटरिंग. मुलं दोन्ही बाजूंनी ठोकळे चढवत वर येतात, मधला शेवटचा ठोकळा ठोकून बसवला की सेंटरिंग काढायचं. सगळ्यांचं लक्ष वर असतं, पण कमान पेलणारी मुलं खाली दोन टोकांना पाय रोवून बसलेली असतात. त्यातलं एक शिंकलं की सगळं खाली. मग कुणीतरी विचारतंच, रोमनांच्या कमानींना खाली कोण बसायचं? तिथून भिंती, पूल, जलवाहिन्या असा विषय निघतो. लेस्टरमधल्या शाळा असतील तर मी त्यांना ज्यूरी वॉल बघून यायला सांगते. शहराच्या मध्यात रोमन स्नानगृहाची ही भिंत नऊएक मीटर उंचीची अजून उभी आहे, आणि तिच्यात कमानी आहेत.

हे सगळं साडेअकराच्या आत आवरावं लागतं, कारण इथे शाळेचा हॉल हाच जेवणाचा हॉल. घंटा झाली की टेबलं आत येतात आणि रोमन साम्राज्य गोळा करून व्हॅनमध्ये टाकायचं. ढालींचा कासव-व्यूह म्हणून दुपारी मैदानावर, पाऊस नसेल तर. ढाली पाऊण मापाच्या आहेत. सीरियातल्या ड्यूरा-युरोपसला सापडलेली खरी ढाल मीटरभराहून थोडी उंच आहे, ती आठ वर्षांच्या पोराला झेपत नाही.

धंद्याचं म्हणाल तर पोलीस पडताळणी, विमा, जोखमीचा तक्ता हे सगळं आधी, मग पहिलं गिऱ्हाईक. सुरुवातीची कामं माझ्या ओळखीच्या शिक्षिकांनी दिली. शाळांकडे पैसे नेहमीच बेताचे असतात, म्हणून दर वर्गावर न लावता दिवसावर लावला. दोन वर्ग आणा की एक, पैसे तेच. ग्लॅडिएटरची मारामारी मागणाऱ्या शाळा अजूनही येतात. आम्ही ती करत नाही आणि त्यामुळे कामं जातात, हेही खरं. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही मेणाच्या पाट्या आणि चिठ्ठ्यांच्या पेट्या घरोघरी पोस्टाने पाठवल्या. पण गट नाही तर आमचं काही उरत नाही. तो काळ नवऱ्याच्या तेव्हाच्या पगारावर निघाला.

मला पाहून एखादं मूल हळूच विचारतं, तुमच्यासारखे लोक होते का तेव्हा इथे? भारतातला सैनिक मी दाखवू शकत नाही, आणि खोटं सांगत नाही. मी त्यांना ईशान्य इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सच्या थडग्याची गोष्ट सांगते. पाल्मायराचा, म्हणजे आजच्या सीरियातला बराटेस तिथे आला, रेजिना नावाच्या ब्रिटनमधल्याच दासीला मुक्त करून तिच्याशी लग्न केलं, आणि ती तिशीत गेल्यावर लॅटिनखाली स्वतःच्या भाषेत एक ओळ कोरून घेतली. भारतातून माणूस नाही, पण मिरी मात्र नक्की आली होती. विंडोलांडाच्या एका हिशेबात दोन दिनारांची मिरी आहे. १९९२ मध्ये सफोक परगण्यात हॉक्सन इथे हरवलेला हातोडा शोधताना जो खजिना सापडला, त्यात मिरी ठेवायच्या चांदीच्या छोट्या डब्या आहेत.

त्यावरून मिरीची साखळी केली. मलबारच्या मुझिरिसहून तांबड्या समुद्रावरचं बेरेनिके, तिथून उंटांवरून नाईल नदी, मग अलेक्झांड्रिया, रोम, आणि शेवटी भिंतीवरचा सैनिक. प्रत्येक टप्प्यावर एक मूल, प्रत्येकाने आपला वाटा काढायचा, आणि रोमन सरकारने पंचवीस टक्के जकात. हा जकातीचा दर खराच होता. शेवटच्या मुलाच्या तळहातावर दहा-बारा मिऱ्या उरतात. जकातवाल्या पोराचा खिसा मात्र फुगलेला.

इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या अखेरीला बंद होतात आणि तेव्हा कोल्हापुरात शाळा ऐन भरात असतात. घरी जातोच, तर तिथेही करून बघू म्हणून आम्ही चार-दोन शाळांत गेलो. आता ते दरवर्षीचं झालंय. तिथे मी सुरुवात रोमपासून करत नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात काशाची एक लहानशी मूर्ती सापडली. ती समुद्रदेव पोसायडनची आहे आणि टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सह्याद्रीच्या अलीकडे, समुद्र दिसत नाही अशा गावात समुद्राचा देव कसा आला, एवढंच विचारायचं आणि मिरीची साखळी उलटी फिरवायची. सोनं-चांदी इकडे, माल तिकडे. दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, भारतात जातात म्हणून प्लिनी हा रोमन लेखक कुरकुरला होता, हे ऐकून मुलं टाळ्या वाजवतात.

पटसंख्या तिथे वेगळीच. साठ मुलं म्हणजे आठ-आठचे सात गट आणि वर डोळे आलेल्यांची पलटण. ढाली विमानातून नेणं परवडेना, म्हणून तिथल्याच सुताराकडून करून घेतल्या आणि रंगवायला एका जुन्या पेंटरांना दिल्या. पेंटरकाका म्हणाले, ‘वाघ काढू का? वाघ झकास जमतो आपल्याला.’ मी म्हटलं, काका, गरुडाचे पंख आणि वीज काढायचीय, रोमनांचं तसंच होतं. त्यांनी पंख काढले, वीजही काढली, आणि मधे मोकळी जागा बरी दिसत नाही म्हणून गरुडाला मुकुट घातला. दरातही घासाघीस झाली, त्यांच्याशी आणि शाळांशीही. ‘एवढी मुलं आहेत ताई, काहीतरी कमी करा.’ त्या फेरीतून तिकिटाचे पैसे अजून एकदाही सुटलेले नाहीत. ढाली आईच्या माळ्यावर, जात्याच्या जागी ठेवल्यात. येत्या जुलैत आणखी चोवीस करायच्या आहेत, आणि पेंटरकाकांनी मुकुटाचे जादा पैसे आत्ताच सांगून ठेवलेत.