४२० सीड्या, एक मायक्रोएसडी कार्ड : तिसऱ्या टप्प्याची नोंद

संग्रह : ख्यालगायन, नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग. सीड्यांवरचं संगीत संगणकावर उतरवून प्लेअरच्या कार्डावर भरायचं काम चालू आहे. एकूण ४२० सीड्या, हाताळून झालेल्या ३१८. त्यातल्या २७१ पहिल्याच फेरीत निर्दोष उतरल्या, ३८ पुसून किंवा दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून, ९ अजून अडलेल्या. फ्लॅकचा (ध्वनी जसाच्या तसा राखून आकार दाबणाऱ्या फाइलींचा) फोल्डर सध्या ९८ जीबी.

आधी जागेचा हिशोब, कारण कार्ड घेताना तोच चुकतो. सीडीवरचा ध्वनी सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो, म्हणजे तासाभराच्या सीडीचे साधारण ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये ते निम्म्याच्या आसपास येतात. जुन्या ७८च्या तबकड्यांवरून काढलेल्या सीड्यांची मात्र गंमत आहे. डावी-उजवी वाहिनी तंतोतंत सारखी असेल तर फाइल फारच लहान होते. तबकडी स्टीरिओ पिनने उतरवून तशीच सीडीवर टाकली असेल तर दोन्हीकडची खरखर वेगळी असते, आणि खरखर काही केल्या दाबली जात नाही. तेव्हा सगळा संग्रह धरून २५६ जीबीचं कार्ड पुरेसं. ऑपस (ध्वनीतला काही भाग गाळून लहान होणारा फाइलप्रकार) १२८ केबीपीएसमध्ये तोच संग्रह २५ जीबीच्या आत मावतो, पण मूळ प्रत फ्लॅकच ठेवायची.

फ्लॅकचा आग्रह कानांपेक्षाही ट्रॅकच्या सांध्यांसाठी. विलंबित एकताल संपून द्रुत तीनताल सुरू होतो तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो, मुद्रण मात्र अखंड चालू असतं. सीडीचा ट्रॅक ५८८ नमुन्यांच्या (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) पटीत कापलेला असतो, एमपीथ्रीची चौकट, म्हणजे एका वेळी दाबला जाणारा तुकडा, ११५२ नमुन्यांची. शेवटची चौकट भरायला शांतता घातली जाते, सुरुवातीलाही थोडी पडते. ही माहिती फाइलीत नोंदवलेली असली तरी ती न वाचणारा प्लेअर ऐन समेवर उचकी देतो. नवा प्लेअर आला की पहिली चाचणी हीच : बड्या ख्यालाची शेवटची दहा सेकंदं लावायची आणि तानपुरा तुटतो का ते ऐकायचं.

उतरवण्यासाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम, सिक्युअर मोड (शंका आली की पुन्हा वाचणारा). लिनक्सवर व्हिपर, मॅकवर एक्सएलडी. ड्राइव्हचं ऑफसेट (वाचायला सुरुवात करण्यातला त्याचा ठरावीक सरकाव) एकदाच बसवायचं. ६६७ नमुन्यांचा फरक म्हणजे जेमतेम १५ मिलिसेकंद, कानाला कळत नाही, पण ते न बसवता अ‍ॅक्युरेटरिपशी (इतरांनी उतरवलेल्या सीड्यांचे ताळे ठेवणाऱ्या ऑनलाइन यादीशी) ताळा जुळत नाही. छोट्या मराठी कंपन्यांच्या बऱ्याच सीड्या तिथे नोंदलेल्याच नाहीत. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ : प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचायचा आणि दोन्ही सीआरसी (ताळ्याचे आकडे) सारखे आले तरच पुढे जायचं. यात एक फसगत होते. ड्राइव्ह वाचलेला मजकूर कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) धरून ठेवतो आणि दुसऱ्यांदा तोच परत देतो, मग चूकही दोनदा सारखीच येते. कॅश रिकामी करण्याचा पर्याय चालू ठेवला की वेग घटतो, पण आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

अडलेल्या सीड्यांबद्दल. सीडीची त्रुटीसुधारणा सलग सुमारे अडीच मिलिमीटरचं नुकसान भरून काढते. मध्यापासून कडेकडे गेलेला ओरखडा प्रत्येक फेऱ्यात थोडाच आडवा येतो, म्हणून चालून जातो. फेऱ्याच्या दिशेने गेलेला ओरखडा मारक. म्हणूनच मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ पुसायचं, ताटासारखं गोल नाही. चमकणाऱ्या बाजूला १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं कवच आहे, छापील बाजूला अ‍ॅल्युमिनियमवर फक्त लाखेचा पातळ थर. खरी नाजूक बाजू छापील. दिव्यासमोर धरल्यावर टाचणीएवढी छिद्रं दिसली तर तिथला ध्वनी गेलाच, पॉलिश करून उपयोग नाही. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात आतला छापील कागद दमटून सीडीला चिकटतो, तो ओढायच्या फंदात पडू नये. नऊपैकी चार याच वाटेने गेल्या.

घरी लिहिलेल्या सीडी-आर (खाजगी मैफली, रेडिओवरून घेतलेलं) खरं तर सगळ्यात आधी उतरवायला हव्यात. त्यांच्यातला रंगद्रव्याचा थर वर्षागणिक फिका पडतो. वेग ८ पटीच्या खाली ठेवला की बऱ्याच वाचतात. ‘५० गाणी एका सीडीत’ प्रकारच्या एमपीथ्री सीड्या नुसत्या कॉपी करायच्या. त्यांचं फ्लॅक करून फक्त आकार फुगतो.

आता टॅग, म्हणजे फाइलीतल्या नाव, कलाकार वगैरे नोंदी. सीडी उतरायला दहा मिनिटं, टॅगला वीस. ऑनलाइन यादी ट्रॅकांच्या लांबीवरून सीडी ओळखते, त्यामुळे कधी भलत्याच अल्बमचं नाव येतं, आणि रोमन स्पेलिंगं तर दर सीडीला निराळी. आतल्या कागदावरून हाताने भरलेलंच बरं. ‘पं.’, ‘विदुषी’ वगैरे कलाकाराच्या रकान्यात नको, नाहीतर भीमसेन जोशी दोन ठिकाणी दिसतात. आदर कव्हरवर छापलेला आहेच. ‘ॲ’ हे अक्षर एकसंधही टाइप होतं आणि ‘अ’वर चंद्र देऊनही. डोळ्याला दोन्ही सारखी, प्लेअरला वेगळी, आणि एकच अल्बम दुभंगतो. युनिकोडच्या क्रमात ‘ळ’ ‘ल’नंतर येतो, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’मध्ये. शेवटी शोधत बसू नये.

‘जॉनर’च्या रकान्यात ‘क्लासिकल’ लिहिणं म्हणजे रकाना फुकट घालवणं. तिथे रागाचं नाव लिहिलं की प्लेअरच्या मेनूतून थेट मारवा किंवा यमन उघडता येतो. नाट्यपदांना तिथे नाटकाचं नाव, अभंगांना संतांचं. शुद्धलेखन एकच धरावं, ‘मारूबिहाग’ आणि ‘मारू बिहाग’ असे दोन राग होतात.

रॉकबॉक्सवाल्यांसाठी (प्लेअरवर मूळच्याऐवजी घालायची मुक्त प्रणाली) : जोडाक्षरं सुटी दिसतात, तेव्हा त्या प्रतीला रोमन टॅग द्यावे लागतात. कव्हर ५०० बाय ५०० आणि बेसलाइन जेपीईजी, प्रोग्रेसिव्ह दिसत नाही. कार्डाचं फॉरमॅट (फाइली ठेवण्याची मांडणी) एफएटी-३२च हवं. ६४ जीबीपासून पुढची कार्डं एक्सफॅट येतात आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीपुढे एफएटी-३२ देत नाही, वेगळं साधन लागतं. भरण्याआधी एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ-थ्रीने कार्ड पूर्ण तपासावं. बनावट कार्ड सुरुवातीला सुरळीत भरतं आणि पुढचं गिळून टाकतं. मॅकवरून कॉपी केल्यास ‘टिंब-अधोरेखा’ने सुरू होणाऱ्या बारक्या फाइली येतात, त्या न वाजणारे ट्रॅक म्हणून दिसतात. त्या काढून टाकायच्या.

रिप्लेगेन (ट्रॅकांचा आवाज एका पातळीवर आणणारी नोंद) ख्यालाला अल्बमनिहाय, नाहीतर शांत आलापीच्या ट्रॅकचा आवाज द्रुताइतका वर येतो. भावगीतं सरमिसळ ऐकायची असतील तर ट्रॅकनिहाय.

उरल्या १०२. त्यात ३१ सीडी-आर, त्या या आठवड्यात, आठ पटीच्या खालच्या वेगाने.