राणीच्या सोन्याच्या घड्याळातील कालसमीकरण : पितळी प्रतिकृतीची आजवरची प्रगती

घड्याळकार ब्रेगे यांचे १६० क्रमांकाचे सोन्याचे खिसे-घड्याळ माहीत नसलेला घड्याळप्रेमी विरळाच. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला भेट देण्यासाठी तिच्या रक्षकदलातील एका अधिकाऱ्याने १७८३ मध्ये ते बनवायला सांगितले. त्या काळी ज्ञात असलेली प्रत्येक यंत्रकरामत त्यात असावी, शक्य तेथे इतर धातूंऐवजी सोने वापरावे, आणि खर्चाला वा वेळेला मर्यादा नसावी, अशी मागणी होती. राणीचा १७९३ मध्ये शिरच्छेद झाला, १८२३ मध्ये ब्रेगे गेले आणि घड्याळ पूर्ण व्हायला १८२७ साल उजाडले. १९८३ मध्ये ते जेरुसलेमच्या संग्रहालयातून चोरीला गेले आणि २००७ मध्ये तेथे परतले, हा भाग सर्वांना ठाऊक असल्याने मी तो लांबवत नाही.

मला त्यातील कालसमीकरण, म्हणजे सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरक दाखवणारी रचना, सर्वांत सुंदर वाटते. सूर्यघड्याळ आणि यांत्रिक घड्याळ वर्षातून चारच दिवस जुळतात. ३ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्यघड्याळ साधारण साडेसोळा मिनिटे पुढे असते, तर ११ फेब्रुवारीच्या सुमारास सव्वाचौदा मिनिटे मागे. वर्षातून एकच फेरी घेणारा काजूच्या आकाराचा कॅम (कडेच्या चढउताराने दांडी हलवणारी चकती) आणि त्याच्या कडेवर टेकलेली एक दांडी एवढ्यावर हा सगळा फरक काट्यापर्यंत पोहोचवता येतो. हीच रचना मी मोठ्या आकारात पितळी पत्र्यातून घडवत आहे.

पहिला कॅम वाया गेला. एका मिनिटाला एक मिलिमीटर असे प्रमाण धरून शून्याची, म्हणजे फरक नसलेल्या दिवसाची, त्रिज्या मी २५ मिलिमीटर ठेवली होती, त्यामुळे फेब्रुवारीच्या जागी कॅम केंद्रापासून जेमतेम ११ मिलिमीटर उरला आणि तेथील खळगी फार अरुंद झाली. दांडीच्या टोकाचा रोलर १० मिलिमीटर व्यासाचा होता. तो खळगीच्या दोन्ही कडांवर अडकून तळाला टेकतच नसे, आणि काटा उणे चौदा मिनिटांपर्यंत कधीच जात नसे. गणित पुन्हा पुन्हा तपासण्यात माझे दोन आठवडे गेले, पण चूक आकड्यांत नव्हती, आकारात होती.

दुसऱ्या वेळी मी शून्याची त्रिज्या ४० मिलिमीटर धरली आणि रोलर ६ मिलिमीटरचा घेतला. वर्तुळाचे ७३ समान भाग करून, म्हणजे दर पाच दिवसांना एक, प्रत्येक ठिकाणी रोलरएवढे वर्तुळ काढले आणि त्या सर्व वर्तुळांना आतून स्पर्श करणारी रेषा हीच कॅमची कड मानली. (आकडेवारीचा आलेख सरळ कापला, तर रोलरच्या जाडीमुळे चढउतारांवर चूक येते, नव्याने करणाऱ्यांनी एवढे अवश्य जपावे.) बारीक करवतीने कापून शेवटचा अर्धा मिलिमीटर कानशीने घासत आणला. फेब्रुवारीच्या बाकाला अर्धगोल कानस लागली आणि सर्वाधिक वेळही तेथेच गेला.

पडताळणी पुण्यात घराच्या गच्चीवर केली. पुण्याचा स्थानिक मध्यान्ह भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे साडेचौतीस मिनिटे उशिरा होतो. त्यातून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातील साडेसोळा मिनिटे वजा केली, तर ओळंब्याची सावली १२ वाजून १८ मिनिटांनी उत्तर-दक्षिण रेषेवर यायला हवी. ती आली, आणि माझ्या काट्यानेही त्या दिवशी साडेसोळाच्या खुणेलाच स्पर्श केला. सावलीची कड धूसर असल्याने अर्ध्या मिनिटाची शंका राहते, तेवढी मी मान्य करतो. फेब्रुवारीची पडताळणी अजून व्हायची आहे, आणि खरी परीक्षा त्याच खळगीची आहे.

सध्या ७३ दातांचे वार्षिक चाक कापत आहे, ज्याचा एक दात दर पाच दिवसांनी पुढे सरकेल. ४१ दात झाले आहेत. ब्रेगेंच्या घड्याळातील शाश्वत दिनदर्शिका २९ फेब्रुवारी स्वतःच ओळखते. माझ्या चाकाला मात्र लीप वर्षी तो एक दिवस हाताने थोपवून धरावे लागणार आहे.