अकरा आकडी नंबर आणि आमचं घर

न्यू जर्सीतल्या पर्थ ॲम्बॉयमधलं ते घर आम्हाला बघताक्षणी आवडलं, पण हिशेब बसेना. डाउन पेमेंट पाचच टक्के जमत होतं, त्यामुळे मॉर्टगेज इन्शुरन्सचे, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणाऱ्या विम्याचे, महिना पावणेदोनशे डॉलर डोक्यावर. सवलतीच्या योजनांसाठी तुमचा पगार जास्त आहे, असं पहिल्या बँकेनं सांगून टाकलं.

ऑफिसातल्या मैत्रिणीनं विचारलं, "ट्रॅक्ट बघितलास का?"

सेन्सस ट्रॅक्ट म्हणजे जनगणनेसाठी आखलेला वस्तीचा तुकडा, साधारण चार हजार लोकांचा. एफएफआयईसी या बँक-नियामकांच्या संयुक्त मंडळाच्या वेबसाइटवर, जिओकोडरमध्ये, पत्ता टाकला की अकरा आकडे येतात: न्यू जर्सीचे 34, मिडलसेक्स काउंटीचे 023, उरलेले सहा ट्रॅक्टचे. शेजारीच तिथलं कौटुंबिक उत्पन्न आसपासच्या महानगर भागाच्या किती टक्के, तेही दिसतं. 50 ते 80 टक्के म्हणजे 'मॉडरेट'. आमचं घर त्यात बसत होतं. रस्त्यापलीकडचं, त्याच किमतीचं घर 'मिडल'मध्ये होतं!

1977 च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्यामुळे बँकांनी अशा वस्त्यांत किती कर्जं दिली हे तपासलं जातं. म्हणून काही बँका तिथल्या घरांसाठी वेगळी योजना ठेवतात आणि काहींत पगाराची अटही नसते. बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या 'होमरेडी' या कमी उत्पन्नवाल्यांच्या कर्जयोजनेमागे मात्र माझे दोन आठवडे फुकट गेले. कमी उत्पन्नाच्या ट्रॅक्टमध्ये तिला पगाराची मर्यादा नाही, असं जुन्या लेखांत होतं. ती सूट 2019 मध्येच बंद झाली आहे.

खरा उपयोग झाला तो एचएमडीएच्या, म्हणजे घरकर्जांची माहिती जाहीर करायला लावणाऱ्या कायद्याखालच्या, माहितीचा. कोणत्या बँकेनं कोणत्या ट्रॅक्टमध्ये किती व्याजानं कर्ज दिलं, हे सगळं त्यात जाहीर असतं. काउंटीची फाइल उतरवून घेतली, आमच्या नंबरानं गाळली आणि यादीतल्या बँकांना एकेक करून फोन लावले. "काही सवलत आहे का?" असं विचारलं की "नाही" एवढंच ऐकू यायचं. ट्रॅक्टचा नंबर सांगून विचारलं तेव्हा चौथ्या बँकेतल्या बाईंनी लगेच योजनेचं नाव सांगितलं: पाच टक्के डाउन पेमेंट, इन्शुरन्स नाही.

नवरा अडखळला. ही सवलत आपण कुणाच्या वाट्याची तर घेत नाही ना? मलाही तेच खात होतं. म्हणून क्लोजिंगनंतर, म्हणजे घराचा व्यवहार पूर्ण झाल्यावर, पहिल्याच रविवारी, शेजारी वीस वर्षं भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाला मी तो नंबर आणि बँकेतल्या त्या बाईंचा फोन लिहून दिला.