पहिल्या अक्षरावरून सापडलेली जपानी गाणी

नवीन गाणी हवी असली की आता कुणीही ॲप उघडतं. मीही तेच करत होते. पण एक गाणं आवडलं की ॲप त्याच चालीची, त्याच पिढीची गाणी पुढे करत राहतं. जपानमधल्या ओकायामात नोकरीला आल्यावर लक्षात आलं, की इथल्या लोकांना जी गाणी तोंडपाठ आहेत ती माझ्यापर्यंत पोचलेलीच नाहीत. म्हणून मी जपानी वर्णमाला धरली. एक अक्षर घ्यायचं, त्या अक्षराने सुरू होणाऱ्या शीर्षकांची यादी उघडायची आणि ऐकत सुटायचं.

कराओकेच्या खोलीत हे सहज जमतं. तिथल्या टॅबलेटवर गाण्याच्या नावाने शोधता येतं. पूर्वी त्याच कामाला टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाडजूड पुस्तक असायचं. एकट्याने जाऊन गाण्यात इथे काही वावगं नाही, त्याला 'हितोकारा' असं नावच आहे, आणि कामाच्या दिवशी दुपारी खोली स्वस्तात मिळते. कराओकेच्या या छोट्या बंद खोल्यांची सुरुवात ओकायामातलीच. १९८०च्या दशकात इथे मालवाहू कंटेनरमध्ये खोली थाटून तिथे गाणं सुरू झालं. पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यानामुळे, हे शहर मला नावाने माहीत होतं. त्याची ही ओळख इथे येऊन झाली.

आपल्याला या वर्णमालेत शिरायला वेळ लागत नाही. आ, इ, उ, ए, ओ. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. सिद्धम् लिपीतून संस्कृत शिकणाऱ्या जपानी बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून हा क्रम आला आहे. 'ना'नंतर 'हा' का येतो, हे कोडंही सुटतं: फार पूर्वी त्या जागी 'प'चा उच्चार होता, म्हणजे तो आपला पवर्ग. तक्ता मला पाठ करावा लागला नाही, याचा आनंद मला अजून होतो. वर, गाण्याच्या भेंड्या खेळत वाढल्यामुळे अक्षरावरून गाणं धरायची सवय होतीच. फरक एवढाच, की भेंड्यांत येणारी गाणी आठवायची असतात. इथे न ऐकलेलं गाणं गाठायचं होतं.

नियम सोपे ठेवले. एका बैठकीला एकच अक्षर. ज्याचं शीर्षक पूर्ण वाचता येईल ते गाणं आधी लावायचं, गायक ओळखीचा असो वा नसो. पडद्यावर कांजीच्या, म्हणजे चिनीतून आलेल्या चिन्हांच्या, डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार दिलेला असतो आणि सूर पुढे सरकेल तसा शब्दांचा रंग बदलत जातो, त्यामुळे वाचनाचा सरावही होतो. सुरुवातीला गीतकार आणि संगीतकाराचं नाव येतं. ते मी वहीत लिहून ठेवत असे. या सवयीचा पुढे फार उपयोग झाला.

'उ'मध्ये क्यू साकामोतो यांचं 'उए ओ मुइते आरुको' लगेच सापडलं. १९६१चं हे गाणं १९६३ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, त्यामुळे त्याला शोध म्हणता येत नाही. खरी मजा 'को'पासून सुरू झाली. मी ज्यांच्याकडे जपानी शिकते त्या आजींच्या वयाच्या सेन्सेईंनी एका कागदावर दोन कांजी लिहून दिल्या: 'शरद' आणि 'चेरी'. अक्षरशः वाचलं तर ते 'आ'खाली शोधायला हवं. पण या जोडीचा उच्चार करतात 'कोसुमोसु', म्हणजे कॉसमॉसचं फूल. गाणं 'को'खाली आहे. यादी उच्चाराने लावलेली असते, लिहिलेल्या चिन्हाने नाही, हे कुठल्याही नियमापेक्षा या एका गाण्याने पक्कं शिकवलं. मासाशी सादा यांनी ते लिहिलं आणि संगीतबद्ध केलं, आणि १९७७ साली मोमोए यामागुची यांनी ते अठराव्या वर्षी गायलं. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी आणि तिची आई, एवढंच त्यात आहे. मुलीच्या पाठवणीची गाणी ऐकत मोठी झालेली मी, हे ऐकताना गाऊच शकले नाही. नुसती वाचत बसले.

'शि'च्या यादीत 'जि'ही येतात. छापील याद्यांत 'का'मध्ये 'गा' आणि 'ता'मध्ये 'दा' मिसळलेले असतात. मियुकी नाकाजिमा यांचं १९७५चं 'जिदाई' आणि ओकिनावाच्या सुरावटीवरचं १९९२चं 'शिमाउता' मला अशी एकाच अक्षरात मिळाली. कुठल्याही ॲपने ही दोन गाणी शेजारी ठेवली नसती.

सगळ्यात जास्त रमले ती 'त्सु'मध्ये. सायुरी इशिकावा यांचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी', १९७७. टोकियोतल्या उएनो स्टेशनहून रात्रीच्या रेल्वेने निघालेली बाई हिमवर्षावात आओमोरीला उतरते आणि होक्काइदोला जाणाऱ्या बोटीत चढते. समुद्राखालून होक्काइदोला जाणारा सेइकान रेल्वे बोगदा १९८८ साली सुरू झाला आणि रेल्वेची ती फेरीबोट थांबली, पण गाण्यातून ती अजून सुटते. वहीत त्याचे संगीतकार ताकाशी मिकी असं लिहिलं होतं. पुढे 'तो'मध्ये तेरेसा तेंग यांचं 'तोकी नो नागारे नी मी ओ माकासे' लावलं, तर पडद्यावर तेच नाव. एन्का, म्हणजे जुन्या वळणाच्या भावुक जपानी गाण्यातल्या कडाक्याच्या थंडीचा आणि या मऊ प्रेमगीताचा कर्ता एकच! मग त्यांच्या चाली मी वेगळ्या शोधल्या. सीडी सार्वजनिक ग्रंथालयातून मोफत घरी नेता येतात, त्यामुळे कराओकेबाहेरही ऐकणं चालू राहिलं.

'हा'मध्ये वेगळाच पेच आहे. नुसत्या 'हाना', म्हणजे 'फूल', या नावाची गाणी एकाखाली एक येतात. रेंतारो ताकी यांचं १९००चं, सुमिदा नदीवरच्या वसंताचं. शोकिची किना यांचं ओकिनावातलं १९८०चं. ऑरेंज रेंज या गटाचं २००४चं. अशा वेळी गायकाचं नाव बघावंच लागतं. मी तिन्ही ओळीने ऐकली आणि एका नावाखाली शंभर वर्षं ऐकल्यासारखं झालं. त्याच यादीत खाली 'हाना वा साकु' आहे, २०११च्या भूकंपानंतर ईशान्य जपानमधल्या तोहोकू भागासाठी केलेलं. ते मी एकदाच लावलं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ते सोबत गुणगुणत होतं.

'रा'ची रांग आकाराने लहान आहे. जुन्या जपानी शब्दांची सुरुवात 'र'ने होत नसे, म्हणून इथे चिनीतून किंवा पाश्चात्त्य भाषांतून आलेले शब्द जास्त. 'रि'मध्ये सफरचंदच सफरचंद: युद्ध संपल्यावर देशभर गाजलेलं 'रिंगो नो उता' आणि हिबारी मिसोरा यांचं १९५२चं 'रिंगो ओइवाके'. 'रु'मध्ये १९८१चं 'रुबी नो युबिवा'. लहान यादी संपूर्ण ऐकून होते, त्यामुळे कंटाळा आला असेल त्या दिवशी मी 'रा'च्या रांगेत जाते.

शेवटच्या 'न्' या अक्षरात माझ्यासाठी काहीच नव्हतं. आपण भेंड्यांत 'ळ' आला तर 'ल' चालवून घेतो. शिरितोरी या जपानी शब्दांच्या भेंड्यांत मात्र 'न्'वर संपणारा शब्द बोलणारा सरळ हरतो.

कुणाला हे करून बघायचं असेल तर 'ना'पासून सुरू करा. नामिदा म्हणजे अश्रू आणि नात्सु म्हणजे उन्हाळा, हे दोन्ही शब्द तिथेच आहेत, आणि 'नादा सोसो'ही तिथेच आहे. र्योको मोरियामा यांनी आपल्या दिवंगत भावाच्या आठवणीत लिहिलेलं, इशिगाकी बेटावरच्या 'बिगिन' गटाने चाल दिलेलं, आणि २००१ साली त्याच बेटाच्या रिमी नात्सुकावा यांनी गायलेलं. आधी मोरियामा यांच्या आवाजात ऐका, मग नात्सुकावा यांच्या.