पाचातून एकदा

१० डिसेंबर २०२२ च्या शनिवारी सकाळी मी महाविद्यालयात पोहोचलो, तेव्हा संख्याशास्त्र विभागाच्या सूचना फलकावरचा आमचा तक्ता कोणीतरी काढून नेला होता. टाचण्या जागच्या जागी होत्या आणि एका टाचणीखाली कागदाचा फाटका कोपरा तेवढा उरला होता. त्या तक्त्यावर विश्वचषक फुटबॉल स्पर्धेतील ३२ संघांची नावे आणि प्रत्येक नावापुढे विजेतेपदाची संभाव्यता लिहिलेली होती. सर्वांत वर ब्राझील होते, आणि आदल्या रात्री ब्राझील क्रोएशियाकडून हरून स्पर्धेबाहेर गेले होते.

नागपुरात फुटबॉल म्हटले की कामठी आणि मोमिनपुरा ही नावे आधी येतात; आमच्या विभागाचा या खेळाशी तसा काही संबंध नाही. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी जिवंत विषय हवा होता म्हणून मी हा निवडला. एका सामन्यात एखादा संघ किती गोल करील, याचा अंदाज पॉयसन वितरणाने, म्हणजे विरळ घटना किती वेळा घडेल याची संभाव्यता देणाऱ्या सूत्राने, बऱ्यापैकी बांधता येतो, कारण गोल ही विरळ आणि जवळजवळ स्वतंत्रपणे घडणारी घटना आहे. तरीही वितरण म्हणजे वचन नव्हे, हे दाखवण्यासाठी मी पहिल्याच तासिकेला २०१८ च्या स्पर्धेचे उदाहरण दिले होते. त्या स्पर्धेत ६४ सामन्यांत १६९ गोल झाले, म्हणजे सरासरी २.६४. या सरासरीने एकही गोल न झालेले चार-पाच सामने अपेक्षित होते. प्रत्यक्षात असा एकच झाला, फ्रान्स विरुद्ध डेन्मार्क.

खरी मेहनत आकडे जमवण्यात आणि तोलण्यात गेली, आणि त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. राष्ट्रीय संघ वर्षाला जेमतेम डझनभर सामने खेळतात, त्यांतले काही मैत्रीपूर्ण असतात आणि त्यांत प्रशिक्षक नवे खेळाडू पारखत असतात. म्हणून मैत्रीपूर्ण सामन्याला निम्मे वजन आणि जुन्या सामन्याला उत्तरोत्तर कमी वजन, असे आम्ही ठरवले. त्याहून अवघड प्रश्न खंडांचा होता. २०१८ पासून युरोपीय संघ आपसांत नेशन्स लीग खेळू लागले आणि दक्षिण अमेरिकेच्या संघांना युरोपीय प्रतिस्पर्धी मिळेनासे झाले. २०१८ च्या विश्वचषकानंतर २०२२ च्या विश्वचषकापर्यंत ब्राझील एकाच युरोपीय संघाशी खेळले होते: मार्च २०१९ मध्ये चेक प्रजासत्ताकाशी. पात्रता फेरीत त्यांनी १७ सामन्यांत १४ विजय आणि ३ बरोबरी अशी कामगिरी केली, ४० गोल केले आणि केवळ ५ स्वीकारले. परंतु हे सारे दक्षिण अमेरिकेतच. तिथल्या ४० गोलांची युरोपीय बचावफळीपुढे किंमत किती, हे ठरवणारा दुवा म्हणून आमच्या हाती फारच थोडे सामने होते. मी विद्यार्थ्यांना हे वारंवार सांगितले, परंतु तक्त्यावर त्याचा कोठेही उल्लेख केला नाही.

संगणकावर संपूर्ण स्पर्धा दहा हजार वेळा खेळवल्यानंतर ब्राझील साधारण पाचातून एकदा विजेते ठरत होते. एका स्थानिक दैनिकाच्या प्रतिनिधीने ही बातमी केली आणि दुसऱ्या दिवशी मथळा छापून आला की, गणिताचा कौल ब्राझीललाच. मी दूरध्वनी करून खुलासा मागितला तेव्हा, ‘सर, वाचकांना टक्केवारी कळत नाही,’ असे मला सांगण्यात आले. वाचकांविषयीचे हे मत मला अजिबात मान्य नाही. जे पत्र पावसाची शक्यता रोज छापते, त्याने आपल्या वाचकाला इतके कमी लेखू नये.

२२ नोव्हेंबरला सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवले. अर्जेंटिना त्याआधी सलग ३६ सामने अपराजित होते. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाच्या वेळी अर्ध्या वर्गाची मागणी होती की, तक्ता बदलावा आणि अर्जेंटिनाला दुसऱ्या क्रमांकावरून खाली आणावे. निकाल लागल्यावर अंदाज बदलायचा नाही, असे मी ठामपणे सांगितले. एक ज्येष्ठ सहकारी शिक्षक-कक्षात सर्वांदेखत म्हणाले की, यापेक्षा २०१० च्या विश्वचषकात सामन्यांचे विजेते ‘सांगणारा’ ऑक्टोपस बरा, त्याचे आठपैकी आठ अंदाज खरे ठरले होते. नाणेफेकीनेही २५६ मधून एकदा तसे घडते, हे ज्यांना सहज सांगता आले असते अशा माणसाने ते बोलावे, याचे मला वाईट वाटले.

ब्राझील-क्रोएशिया सामना आपल्याकडे ९ तारखेला रात्री साडेआठला सुरू झाला. नव्वद मिनिटे गोलशून्य गेली. अतिरिक्त वेळेच्या पहिल्या सत्राच्या अखेरीस नेमारने गोल केला आणि मला वाटले, झाले. ११७ व्या मिनिटाला क्रोएशियाच्या पेटकोविचचा फटका ब्राझीलच्या मार्किन्योसला लागून दिशा बदलत जाळ्यात गेला. पूर्ण सामन्यात क्रोएशियाचा गोलच्या रोखाने गेलेला तेवढा एकच फटका. बरोबरी फोडणाऱ्या पेनल्टी किकच्या शूटआउटमध्ये क्रोएशियाचा गोलरक्षक लिवाकोविचने रोड्रिगोची किक अडवली, मार्किन्योसची खांबाला लागली, आणि ४-२. शूटआउटला आम्ही दोन्ही संघांना समान संधी धरली होती. क्रोएशियाने विश्वचषकातला हा चौथा शूटआउट खेळून चौथाच जिंकला होता. हे कौशल्य मानावे की सोळातून एकदा घडणारा योग, यावर मी त्या रात्री बराच वेळ विचार करीत होतो. प्रत्यक्षात मी भलत्याच प्रश्नाचा विचार करीत होतो.

शनिवारी दुपारी, शहरभर दुसऱ्या दिवशीच्या समृद्धी महामार्गाच्या लोकार्पणाच्या बंदोबस्ताची धावपळ चालू असताना, एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला. काटोलकडचा, वसतिगृहात राहणारा, प्रात्यक्षिकाची वही नेहमी वेळेवर देणारा मुलगा. त्याने खिशातून घडी केलेला तक्ता काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग कळले की, खानावळीचे दोन महिन्यांचे चार हजार रुपये त्याने ब्राझीलच्या विजेतेपदावर एका सट्टेवाल्याकडे लावले होते.

‘बेटा, त्यात पाचातून एकदा असं लिहिलं होतं न?’ मी म्हणालो.

‘मग ब्राझील पहिल्या नंबरवर काहून लिहिलं होतं सर?’

मी उत्तर शोधत होतो. वेळ काढण्यासाठी विचारले की, जिंकल्यास किती मिळणार होते. तो म्हणाला, तिप्पट, म्हणजे बारा हजार. ते ऐकून मी फळ्याकडे गेलो, खडू हातात घेतला आणि मध्येच थांबलो. पाचातून एकदा बारा हजार, म्हणजे सरासरीने चोवीसशे. चार हजार देऊन चोवीसशेची वस्तू विकत घेणे. आमच्याच तक्त्याप्रमाणे हा व्यवहार तोट्याचा होता. पाचपटीपेक्षा कमी देणाऱ्याशी तो करूच नये, असे तो कागद सांगत होता. अपेक्षित मूल्य या मुलाला येत होते, परीक्षेत त्याने त्यावरचे गणित अचूक सोडवले होते. परंतु ते गणित पिशवीतल्या लाल-पांढऱ्या चेंडूंचे होते.

पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांच्या १६५४ च्या पत्रव्यवहाराने मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या संभाव्यतेची सुरुवात करतो. जुगाराच्या डावातून हे शास्त्र कसे उभे राहिले, हे रंगवून सांगतो. आणि तरीही फुटबॉलचा प्रकल्प चालू असताना, ज्या शहरात सट्टा कोणत्या टपरीवर चालतो हे पोरांना ठाऊक असते, तेथे मी सट्ट्याचा शब्दही उच्चारला नाही. बेकायदेशीर गोष्टीचा विषय वर्गात काढणे मला अशोभनीय वाटत होते. संभाव्यता कशी काढायची ते शिकवले, ती हाती आल्यावर काय करू नये ते शिकवले नाही.

खानावळीचे पैसे मी भरले आणि त्याने ते मार्चपर्यंत थोडे थोडे करून परत केले. १८ डिसेंबरला अर्जेंटिनाने फ्रान्सला शूटआउटमध्ये हरवले, तेव्हा तेच ज्येष्ठ सहकारी म्हणाले की, तुमचा दुसरा क्रमांक तरी खरा ठरला. मी ते श्रेय घेतले नाही. पहिला क्रमांक चुकला म्हणून आमचे मॉडेल खोटे ठरत नसेल, तर दुसरा जिंकला म्हणून ते खरेही ठरत नाही.

२०२६ ची स्पर्धा ४८ संघांची आणि १०४ सामन्यांची असल्यामुळे जुनी संगणकीय आज्ञावली निरुपयोगी झाली. बारा गटांतील तिसऱ्या क्रमांकाचे सर्वोत्तम आठ संघही पुढे जाणार, त्यांच्या जोड्या लावण्यातच मुलांचे दोन आठवडे गेले. शिवाय बाद फेरीचे सामने चारऐवजी पाच झाले. प्रत्येक बाद सामना शंभरातून सत्तर वेळा जिंकणारा बलाढ्य संघ पूर्वी तेथून पुढे २४ वेळा विजेता ठरला असता, आता १७ वेळाच ठरेल. या वेळी नावे वर्णानुक्रमे लिहायची आणि प्रत्येक संघापुढे तो विजेता न ठरण्याची संभाव्यता आधी लिहायची, असे मी ठरवले आहे. विभागात याला विरोध आहे. असा तक्ता कोणी वाचणार नाही, असे म्हणतात. ते कदाचित खरेही असेल.

प्रकल्पाच्या पहिल्या तासिकेसाठी चार हजार, तिप्पट आणि पाचातून एकदा, हे उदाहरण मी लिहून काढले. ते वापरण्यापूर्वी त्या मुलाला फोन केला. तो आता पुण्यात नोकरीला आहे. ‘लिहा सर,’ तो म्हणाला, ‘नाव तेवढं नका टाकू.’