सशांची नोंद: थंडीआधीचा खुराक आणि थायरॉईड

मार्केट यार्डात कोबी-फ्लॉवरची आवक वाढली की पाला हवा तेवढा मिळतो. यंदा मात्र माझ्या सशांचा मुख्य चारा वाळलेलं मारवेल आणि थोडा लसूणघास. कोबीचा पाला चवीपुरता, तोही रोज नाही.

कारण 1928 सालचं आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात संशोधक चेस्नी आणि सहकारी सशांवर भलत्याच आजाराचा अभ्यास करत होते. ससे मुख्यतः कोबीवर पोसलेले, आणि त्यांना गलगंड झालेला आढळला. कोबीमुळे अंगात येणारं थायोसायनेट हे द्रव्य गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. कोबीमुळेच येणारं दुसरं द्रव्य, गॉयट्रिन, तर थायरॉईडचं संप्रेरक बनण्याची क्रियाच अडवतं. पहिल्यावर जादा आयोडीनचा उतारा चालतो, दुसऱ्यावर पुरेसा चालत नाही. म्हणून नुसती आयोडीनवाली मिठाची चाटणवीट टांगून भागेल असं मला वाटत नाही.

आता जीवनसत्त्वांचं. गाजरात तयार अ जीवनसत्त्व नसतंच, असतं ते बीटा-कॅरोटीन. त्याचं अ मुख्यतः आतड्याच्या अस्तरात बनतं, आणि थायरॉईड मंदावला की हे रूपांतरही मंदावतं. ब-2 ची गोष्ट तर मला याहून विलक्षण वाटते. थायरॉईड मंद केलेल्या उंदरांना रायबोफ्लेविन (म्हणजेच ब-2) पुरेसं दिलं, तरी यकृतात त्याला कामाचं रूप देणारं एन्झाइम घटतं आणि स्थिती कमतरतेसारखीच दिसते. कणगी भरलेली, पण जातंच फिरत नाही! उलट थायरॉईड जोरात असला की चयापचय वाढतं आणि थायामिनसारख्या (ब-1) जीवनसत्त्वांची गरजही वाढते. थंडीत थायरॉईडचं काम वाढतं, म्हणून निफाडची थंडी तोंडावर असताना हे ध्यानात ठेवायला हवं.

ब गटातला बराच वाटा ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खाऊन मिळवतो. त्या पिंजऱ्यात पडून दिसल्या, तर मी आधी वाळलं गवत वाढवतो. जीवनसत्त्वाच्या थेंबांचा विचार नंतर.

सध्या वजनं टिकून आहेत, गळ्याशी हाताला गाठ लागत नाही, खाणं वाढलंय. केस दाट झालेत, पण ते हिवाळ्याचे. त्याचं श्रेय खुराकाला देणार नाही. काळी मादी गाभण आहे. तिला अ जीवनसत्त्वाचे थेंब पूर्ण बंद, कारण जादा अ पोटातल्या पिल्लांना घातक ठरतं. तिचा लसूणघास मात्र वाढवलाय.